धाराशिवात ऐकलेलं रक्त

वाशीच्या स्टँडवर धाराशिवची गाडी लागली तेव्हा माझ्या बायकोनं दोन्ही कुबड्या माझ्या हातात दिल्या आणि दाराची दांडी धरून वर चढायला लागली. तिला डावा पाय गुडघ्याखालून नाही. तो कापून वर्ष झालं. कंडक्टर पुढं होऊन म्हणाला, "आज्जी, हात द्या." मी म्हणालो, "मी हाय की." काखेत हात घालून मीच तिला वर घेतली. दोन पायऱ्यांत माझाही दम भरला, पण ते कंडक्टरला दिसू दिलं नाही.

आम्ही निघालो होतो तिचा उजवा पाय दाखवायला. उरलेला तेवढा एकच. पाऊस सरल्यापासून त्याचीही पिंढरी (पोटरी) भरून येत होती, बोटं गार पडत होती. वाशीच्या डॉक्टरांनी एक कागद लिहून दिला आणि बजावलं, "धाराशिवला जाऊन मशीनवर नसा तपासून आणा. हा पाय तरी वाचवू."

ती यायला तयार नव्हती. आदल्या दिवशी मला म्हणाली, "मशीन कशाला? तुमीच एक डाग द्या की."

डागणी (तापवलेल्या सळईनं चटका देणं) ही माझ्या हातची विद्या. सोनारीच्या माझ्या मामानं शिकवली. मेंढरू लंगडायला लागलं, बैलाचा खांदा सुजला, माणसाची पिंढरी वातानं धरली, की माळावरची माणसं माझ्याकडं यायची. मी तीन यत्ता शिकलेला धनगर. पण पाटलाच्या घरचा माणूसही माझ्या अंगणात येऊन पाय पुढं करून बसायचा आणि मला 'नाना' म्हणायचा. यंदा बायकोनं स्वतःहून मागितलं तरी मी सळई तापवली नाही. का नाही, ते तिला सांगितलं नाही. नुसतं म्हणालो, "तुला गाडीत बस म्हणलं तर बस."

गाडी पारगावला मोठ्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना माळ. सोयाबीन निघून गेलेली रानं उघडी पडली होती, तुरी पिवळ्या फुलांत होत्या आणि जोंधळा गुडघ्याएवढा. लांबच्या टेकाडांवर पवनचक्क्या फिरत होत्या. या सगळ्या रानांतून आम्ही मेंढरं चारलीत. आता थोरला मुलगा कळप घेऊन खाली भीमेकडं गेलाय. गाडीच्या काचेतून बघताना मला जागा ओळखू येत होत्या, आणि प्रत्येक जागी ती बसलेली दिसत होती.

सांगतो कसं ते. मी कळपाच्या पुढं चालायचो, ती मागून डोक्यावर बोचकं घेऊन यायची. शेवटची दोन वर्षं ती शंभर-दीडशे पावलं चालली की बसायची. पिंढरी चोळायची. जरा वेळानं उठायची, पुन्हा तेवढंच चालून बसायची. बसलं की दुखणं थांबायचं, म्हणून मला ते ढोंग वाटायचं. मी पुढून ओरडायचो, "मेंढरं वळायला आलीस का बसायला?" ती बोचकं उचलायची.

येरमाळ्याला गाडी थांबली. मी भाकरीचं फडकं सोडलं. जोंधळ्याची भाकरी, शेंगाची चटणी आणि कांदा. ती म्हणाली, "डॉक्टरनं खाऊ नका म्हणलं व्हतं का काय?" मी म्हणालो, "परवासात उपाशी कोण बसतं? खा." तिनं दीड भाकरी खाल्ली. वरून मिश्री (भाजलेली तंबाखू) लावली.

येडशीचा घाट ओलांडून धाराशिवला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. स्टँडबाहेर रिक्षावाल्यानं कुबड्या बघितल्या आणि न विचारताच म्हणाला, "दवाखान्यात का, बाबा? कुठल्या?" मी कागद पुढं केला. त्यानं तो उलटा-सुलटा केला.

"बाबा, हे इंग्रजी हाय. मला निस्तं मीटर वाचता येतं."

"आन् मीटर तर बंद हाय तुजं," मी म्हणालो. माझी बायको हसली. सकाळपासून पहिल्यांदा हसली. रिक्षावाल्यानं वाटेत रिक्षातूनच ओळखीच्या औषधवाल्याला कागद दाखवला आणि आम्हाला दवाखान्याच्या पायरीपर्यंत नेऊन सोडलं.

आत खिडकीवरच्या बाईनं विचारलं, "पेशंटचं नाव?" बायकोचं नाव मी आजवर चारचौघांत घेतलेलं नाही. ती बाई पुन्हा म्हणाली, "आजोबा, नाव सांगा, मागं लाईन आहे." मग हळू सांगितलं, "बनाबाई." बाकावर बसलेली बायको तोंडाला पदर लावून दुसरीकडं बघायला लागली.

बाकावर शेजारी एक रिटायर गुरुजी होते, कळंबकडचे. पांढरा सदरा, खिशाला पेन, हातात स्वतःच्या तपासणीची फाईल. मी कागद गुडघ्यावर ठेवून वाचल्यासारखं करत होतो. ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बाबा, चष्मा विसरलात वाटतं. वाचून दाखवू का?"

चष्मा मला नाहीच. पण त्यांनी माझी अब्रू राखली हे कळलं. मी कागद दिला.

"यात मान, छाती, पोट आणि पाय सगळं तपासायला सांगितलंय. आणि खाली लिहिलंय, सहा तास काही खायचं नाही. पोटात अन्न असलं की नीट दिसत नाही."

बायकोनं माझ्याकडं नुसतं बघितलं.

"दीड भाकरी," ती गुरुजींना म्हणाली. "मी म्हणलं व्हतं ह्यास्नी."

खिडकीवरच्या बाईनं कपाळाला हात लावला आणि चार वाजताचा नंबर दिला. इतकी माणसं शहाणी असताना एकाला विचारायचं मला जड गेलं, आणि एकपायी बाईला पाच तास लाकडी बाकावर बसावं लागलं. मी बाहेर जाऊन एकटाच चहा पिऊन आलो. तिला पाणीसुद्धा विचारून विचारून दिलं. गुरुजी जाताना म्हणाले, "त्या खोलीत आवाज ऐकू येतो बरं का. मला माझ्या मानेतलं रक्त ऐकवलं त्यांनी. भिऊ नका."

मी म्हणालो, "गुरुजी, हजारभर मेंढरं सोललीत मी. रक्ताचं मला काय सांगता?"

ते खरंच होतं, आणि तिथंच माझी चूक होती. जत्रेला मेंढरू कापलं की मी काळीज (यकृत) बाजूला काढायचो, ते रक्तानं गच्च. गुर्दे (मूत्रपिंडं) वेगळे, फोपसं (फुप्फुस) वेगळं, ते पाण्यात टाकलं की तरंगतं. प्रत्येकात रक्त सापडायचं. त्यावरून मी मनाशी धरलं होतं की आडात पाणी असावं तसं ज्या त्या अवयवाचं रक्त त्या त्या जागी असतं. पायाचं रक्त पायात. ते नासलं की पाय दुखतो. डाग दिला की नासकं वर येतं, फोड धरतो, पाणी निघून जातं आणि माणूस मोकळा होतो. चाळीस वर्षं मी लोकांना हेच सांगितलं.

चार वाजता आत बोलावलं. खोलीत अंधार, एक पलंग, टीव्हीसारखं मशीन आणि नातीच्या वयाची डॉक्टरीणबाई. बायकोला पलंगावर घेतलं. डॉक्टरीणबाईनं आधी विचारलं, "आजी, डाव्या पायाला जखम कशी झाली होती? आपोआप झाली की काही लागलं होतं?"

बायको पटकन म्हणाली, "चुलीतला इस्तू पडला."

वर्षामागं पाय कापला तेव्हाही आम्ही हेच सांगितलं होतं. मी सांगितलं होतं, आणि तिनं मान हलवली होती. आता तिला सांगावंही लागलं नाही.

डॉक्टरीणबाईनं यंत्र छातीला लावलं. मी म्हणालो, "बाई, दुखणं पायाला हाय."

"बाबा, शेताच्या टोकाला पाणी पोचलं नाही तर नुसतं टोकाकडंच बघता का? मोटार चालू आहे का ते आधी बघता ना?"

टीव्हीवर काळीज दिसलं. म्हणजे आम्ही कापून काढतो ते काळीज नव्हे, त्याच्या वरचं, ठोके देणारं. आत पातळ पडदे उघडत होते, मिटत होते. मग तिनं एक बटण दाबलं आणि खोलीत आवाज भरला. ओली घोंगडी दोघांनी धरून झटकावी तसा. मी उभाच राहिलो. चाळीस-पंचेचाळीस वर्षं जिच्या शेजारी राहिलो तिच्या आत हे चाललं होतं.

"इथून ते फुप्फुसात जातं, हवा घेऊन परत इथंच येतं, आणि मग सगळीकडं," बाई म्हणाली. "फुप्फुस मात्र मला दाखवता येणार नाही. हवा असली की या मशीनला दिसत नाही."

मग मान. तिथला आवाज बारीक, घाईचा. "हे डोक्याकडं चाललंय." मग पोट. सहा तासांच्या उपासानं आता दिसत होतं. आम्ही कापून काढतो त्या काळजापाशी आवाज अगदी वेगळा निघाला, त्याला ठोका नव्हताच. माळावर वारं सुटावं तसा, न थांबता. बाई म्हणाली, "आतड्यातून जे येतं ते इथं येतं. तुमची सकाळची भाकरी इथूनच गेली असणार." बायको म्हणाली, "दीड." मग गुर्दा. तिथं सुपात जोंधळा पाखडावा तसं, फस, फस. टीव्हीवर लाल आणि निळं दिसत होतं.

"निळं म्हंजी नासकं का?" मी विचारलं.

"नाही हो. लाल ते मशीनकडं येतंय, निळं ते मशीनपासून लांब जातंय. रक्त एकच आहे. आत्ता गुर्द्यातून गेलं ते थोड्या वेळानं पायात असेल. मिनिटभरात सगळा फेरा होतो."

मी स्टूल ओढून बसलो.

आता पाय. उजव्या जांघेत काठी हवेत फिरवल्यासारखा आवाज आला. एकदा सट् पुढं, मग बारीक मागं, मग हलकं पुढं. "हा चांगल्या पायाचा आवाज," बाई म्हणाली. यंत्र खाली सरकलं. गुडघ्याच्या जरा वर आवाज एकदम चिरका झाला, शिट्टीसारखा. "इथं वाट अरुंद आहे." त्याच्या खाली आवाज मऊ, थकलेला, वाळूवरून पाय ओढल्यासारखा. मग घोटा. बाईनं यंत्र इकडं-तिकडं फिरवलं. काही नाही. बायको छताकडं बघत होती. मग आला. लई लांबून, पण आला.

"आहे. पाय जिवंत आहे. बाजूनं बारीक वाटा फुटल्यात, त्यांतून पोचतंय."

मग तिनं तुलना करायची म्हणून कापलेल्या पायाकडं यंत्र नेलं. जांघेत दणका ऐकू आला, बंद दारावर डोकं आपटावं तसा. आणि त्याच्या खाली मांडीभर काहीच नाही. यंत्र नुसतं सूं करत होतं. ही वाट कापायच्या आधीपासून बंद असणार, असं बाई म्हणाली. चालताना दुखायचं का, बसलं की थांबायचं का, असं तिनं विचारलं. बायको म्हणाली, "व्हय."

मग बाईनं पुन्हा विचारलं, "आणि विस्तवानं भाजलं ते नेमकं कुठं? या पायाचं ठरवायला मला ते माहीत पाहिजे."

बायको सांगायला लागली तेवढ्यात मी म्हणालो, "इस्तू न्हाय पडला. म्या डागलं."

"अवो, गप बसा," बायको म्हणाली.

"म्या डागलं," मी म्हणालो. आणि मग कुणालाच न सांगितलेलं तेही सांगितलं. धडधाकट अंगाला डाग दिला की भोवती लाल होतं, दुसऱ्या दिवशी फोड धरतो. तिच्या पायाला तसं झालंच नव्हतं. चटका पांढरा पडला, पांढराच राहिला, कोरडा. मी रोज बघत होतो. माझ्या डोळ्याला कळलं होतं की हे बरोबर नाही. पण नानाचा डाग वाया गेला असं कुणी म्हणू नये म्हणून चार दिवसांनी मी त्याच्या खाली दुसरा दिला. ती ओरडली नाही. तिला फारसं लागलंच नाही. मी म्हणालो, बघ, गुण येतोय.

बाईनं मशीनचा आवाज बंद केला. मग म्हणाली, "बाबा, चटका भरून यायला रक्त लागतं. तिथं रक्त येतच नव्हतं."

"डाग दिला नसता तर वाचला असता का पाय?"

ती तरुण होती, खोटं बोलायचा तिला सराव नसावा. "सांगता येत नाही. कदाचित."

गोळ्या लिहून दिल्या. मिश्री कायमची बंद. रोज चालायचं, दुखलं की थांबायचं, पुन्हा चालायचं. तसं केलं की बाजूच्या वाटा मोठ्या होतात. पायावर जखम होऊ द्यायची नाही, आणि गरज पडली तर सोलापूरला नेऊन आतली वाट मोकळी करता येईल. चालण्याचं ऐकून बायको म्हणाली, "म्हंजी मी मेंढरांमागं करत व्हते तेच की."

परतीच्या गाडीत ती तेरखेडा गेल्यावर म्हणाली, "त्या पोरीम्होरं काय गरज व्हती सांगायची? माझा पाय गेला ते गेला. तुमचं नाव कशाला घालवलं?" इतके दिवस मला वाटत होतं, डागानं पाय गेला हे तिला कळलेलं नाही. तिला सगळं कळत होतं, आणि तरी आदल्या दिवशी तिनं माझ्याकडंच डाग मागितला होता. माझं नाव राहावं म्हणून ती त्या पायावर खोटं बोलत आली होती, आणि मी तिला बोलू दिलं होतं.

इथं प्रवास संपायला हवा होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या वस्तीवरचा रावसाहेब मोटारसायकलवर त्याच्या आईला मागं बसवून आला. "नाना, म्हातारीची पिंढरी धरलीय. एक डाग टाका." अंगणात दोन-चार माणसं बसली होती. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी म्हणालो, "डोळ्याला दिसंना रे आता. हात हालतो. दवाखान्यात न्ये."

"आसं व्हय," रावसाहेब म्हणाला. "मग दुसऱ्याकडनं टाकून घेतो." आणि गाडी वळवली.

ती दिसेनाशी झाल्यावर बायको दारातून म्हणाली, "शिकल्याली पोरगी व्हती तिथं तोंड उघडलं. आपल्या माणसात का मिटलं?"

"तूच म्हणलीस की, नाव घालवलं म्हणून."

"माझा पाय माझ्या घरचा व्हता. ती म्हातारी परक्याची हाय."

मी तेव्हा उठलो नाही. दिवसभर उठलो नाही. दुसऱ्या दिवशी पहाट फुटल्यावर चालत त्यांच्या वस्तीवर गेलो. दोन कोसाची वाट, वाटेत काय बोलायचं ते जुळवत होतो. पोचलो तर म्हातारी ओसरीवर पाय पसरून बसली होती. पिंढरीवर डाग होता, कालचाच. भोवती लालभडक, वर टपोरा फोड. मी वाकून बघितलं, बोटं चाचपली. ऊन होती. नखाला लाली होती. पाय चांगला होता, नुसता दमलेला. रक्त पोचत होतं, म्हणून फोड आला होता.

"बगा नाना," रावसाहेब म्हणाला, "कसा गुण आलाय. रातच्याला झोपली."

मी त्याला धाराशिवचं सगळं सांगायला लागलो. काळीज, गुर्दा, वाट कुठं अरुंद होते, कुठं बंद होते. चालताना पिंढरी धरली आणि बसलं की थांबली तर डागू नका, पायाची बोटं गार लागली तर अजिबात डागू नका. त्यानं चहा सांगितला आणि ऐकल्यासारखं केलं. मग हसून म्हणाला, "नाना, दुसऱ्याचा हात लागला म्हणून राग आला का?"

मला उठून यावंसं वाटलं. पण म्हातारी माझ्याकडं बघत होती. तिनं विचारलं, "तुमच्या मंडळीचा पाय मग कशानं गेला? लोकं म्हणत्यात इस्तू पडला."

"न्हाय," मी म्हणालो. "म्या डागला. दोनदा."

रावसाहेबाचं हसू तसंच तोंडावर राहिलं. म्हातारीनं पसरलेला पाय हळूच जवळ घेतला आणि लुगड्याखाली झाकला. चहा आला तो मी बशीत ओतून प्यालो, कारण कपात गार होईपर्यंत तिथं बसवत नव्हतं.

परत येताना वाटेत दोन वेळा बसलो. पाय दुखत नव्हते. ज्यांना ज्यांना डाग दिला त्यांची नावं आठवत होतो. मेंढरं सगळी आठवली, कान कापलेली, शिंग मोडलेली. माणसं तेवढी आठवली नाहीत. जी आठवली त्यांतली तिघं जवळपास राहतात. हे सांगायला आधी कुणाकडं जायचं ते ठरवत मी घरी आलो, तेव्हा बायको कुबड्यांवर अंगणात फेऱ्या मारत होती. दुखलं की थांबत होती.